पिन खुळखुळते का?

लाल बटण मीच दाबलं होतं. रोबो बंद व्हावा म्हणून दाबलं, आणि दाबल्याक्षणी त्याने बॉल छतावर हाणला.

त्या वर्षीच्या रोबो स्पर्धेत आमच्या संघाला साधारण किलोभर वजनाचा मोठा बॉल उंच अडथळ्यावरून पलीकडे फेकायचा होता. आम्ही गलोलीची वाट धरली. सत्तर सेंटिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा आर्म, त्याला ओढणाऱ्या दोन स्प्रिंगा, आर्म खाली खेचायला विंच म्हणजे दोरी गुंडाळणारा मोटरचा रहाट, आणि खाली आलेला आर्म धरून ठेवायला एक पोलादी आकडा. या आकड्याला आम्ही खटका म्हणायचो. विंचने आर्म खाली आणायचा, खटका बसला की विंचची दोरी ढिली सोडायची, मग सगळा भार खटक्यावर. खटका सुटला की बॉल गेला. खटका हलवायला हवेवर चालणारा बोटभर सिलिंडर होता.

सराव चालू होता. आर्म ताणलेला, पण बॉल वाटीत तिरका बसला होता, म्हणून आमचा एक ज्युनिअर वाकून हाताने तो सरळ करत होता. कॅप्टन ओरडला, "अरे, हात घालायच्या आधी रोबो तरी बंद करा!" त्याचं काहीच चुकलं नव्हतं. ज्युनिअर दचकून मागे सरला, मी बटण दाबलं, आणि ठाणकन आवाज झाला. बॉल वर आपटून परत खाली आला आणि टेबलाखाली जाऊन थांबला. कुणी काही बोललं नाही. ज्युनिअर आपला उजवा हात उलटसुलट करून बघत होता, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही, आणि कारण कळल्यावर जास्तच घाम फुटला. खटक्याच्या सिलिंडरचा व्हॉल्व एका कॉइलचा होता. अशा व्हॉल्वला वीज मिळते तोवर तो एका बाजूला असतो आणि वीज गेली की आतल्या स्प्रिंगमुळे आपोआप मूळ जागी येतो. आमच्या जोडणीत वीज असताना खटका बंद आणि वीज गेली की उघडा. असं मुद्दाम कुणी ठरवलं नव्हतं. सिलिंडर ज्या बाजूला मावत होता त्या बाजूला बसवला, ज्या नळ्या पोचत होत्या त्या जोडल्या, प्रोग्रॅममध्ये उलटसुलट करून जमवून घेतलं, आणि शंभरदा बरोबर चाललं. चालताना ते बरोबरच दिसणार. बंद करताना काय होतं हे कुणी करून पाहिलंच नव्हतं. दोन कॉइलचा व्हॉल्व असता तर वीज गेल्यावरही तो होता तिथेच राहिला असता. पण आमच्या हाताशी एक कॉइलवाला होता.

मी दहा मिनिटांत उपाय केला. व्हॉल्वच्या दोन्ही नळ्यांची अदलाबदल केली आणि प्रोग्रॅममधलं खरं-खोटं उलटं केलं. आता वीज गेली की खटका बंदच राहणार. चाचणी घेतली: आर्म ताणला, सगळे भिंतीपाशी गेलो, बटण दाबलं. आर्म जागच्या जागी. मी सरांना बोलावून दाखवलं. त्यांनी बघितलं आणि एवढंच म्हणाले, "छान. आता हवा सोड."

मी टाकीच्या हवा सोडायच्या कॉककडे हात नेला आणि तसाच थांबलो. टाकीतली हवा गेली की सिलिंडरमधला दाब जाणार, आणि खटका तर त्या दाबानेच बंद होता.

"सोड ना," सर म्हणाले. "नाहीतर मीच सांगतो काय होईल ते."

आमच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला होता: रोबोवर काम करण्याआधी मेन स्विच बंद करा, मग टाकीतली हवा सोडा. दोन ओळी. आमच्या रोबोवर पहिली ओळ पाळली की बॉल सुटत होता. मी ती दुरुस्त केली तर दुसऱ्या ओळीने सुटला असता. सुरक्षेचा कागदच चाप झाला होता. हा कागद पुढे खूप दिवस मी काढू दिला नाही. त्यावर लाल पेनने लिहिलं: "स्प्रिंग बंद होत नाही."

बरेचजण हवेला भितात, आणि ते बरोबरही आहे. मोठ्या स्पर्धांमध्ये हवेचे नियम अगदी काटेकोर असतात. एफआरसीत, म्हणजे फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या स्पर्धेत, साठ्याचा दाब जास्तीत जास्त १२० पीएसआय (दाबाचं माप), कामाचा ६०, आणि साठा हाताने रिकामा करायचा कॉक सहज हात पोचेल अशा जागी असावा लागतो. बॅटरीला मुख्य ब्रेकर असतो. पण त्याच स्पर्धेच्या नियमात सामना सुरू होताना रोबोत कुठली ऊर्जा साठवलेली चालते याची जी यादी असते, त्यात बॅटरी आणि हवा यांच्या बरोबरीने रोबोच्या भागांना दिलेला ताणही असतो. म्हणजे स्प्रिंग, रबर, वाकवलेली पट्टी. या ताणाला ना गेज असतो, ना दिवा, ना बटण. ताणलेली स्प्रिंग आणि सैल स्प्रिंग यांत दिसायला फरक वेटोळ्यांमधल्या फटींचा, बस.

सरांनी त्या रात्री मला हिशेब करायला बसवलं. दोन्ही स्प्रिंगा मिळून सुरुवातीला ३०० न्यूटन ओढत होत्या, आर्म पूर्ण खाली आल्यावर ९००. मधला ताण १० सेंटिमीटर. सरासरी ६०० गुणिले ०.१, म्हणजे ६० ज्यूल. सहा किलोचं वजन एक मीटरवरून पायावर पडलं तर जेवढी ऊर्जा, साधारण तेवढी. आणि ती पायावर पडायला जेवढा वेळ घेईल त्याच्या कितीतरी कमी वेळात आर्मच्या टोकाशी हजर. आकडा लिहून झाल्यावर मी ज्युनिअरचा हात आठवला आणि वही मिटली.

खटका आम्ही मुळापासून बदलला. नव्या आकड्याचा कोन असा ठेवला की आर्म जितका जोरात वर ओढेल तितका आकडा जास्त घट्ट बसेल, आणि भार नसतानाही तो मिटलेला राहावा म्हणून मागे छोटी स्प्रिंग. हवेचं काम फक्त उघडण्याचं. वीज जावो, हवा जावो, खटका मिटलेलाच. हे जमलं तेव्हा मला वाटलं, झालं काम. सरांना नाही वाटलं. खटका हा सुटण्यासाठीच बनवलेला भाग आहे, त्याच्या भरवशावर हात घालायचा नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा खात्याचा १९८९ सालचा लॉकआउट-टॅगआउटचा नियम वाचायला दिला. कारखान्यातल्या यंत्रांसाठीचा, कंटाळवाण्या भाषेतला. पण त्यात दोन गोष्टी सापडल्या. वीज तोडून कुलूप घातल्यावरही यंत्रात उरलेली ऊर्जा, म्हणजे स्प्रिंगा, उचललेली वजनं, दाबातली हवा, एकतर सोडून द्यायची किंवा अडवून धरायची. आणि त्यानंतर, कामाला हात लावण्याआधी, ती खरंच अडली आहे का हे तपासायचं. पहिली गोष्ट आम्हाला पटकन पटली. दुसरीचा अर्थ कळायला तीन कुलपं मोडीत काढावी लागली.

पहिलं कुलूप म्हणजे सामान बांधायचा रॅचेटवाला पट्टा. आर्मवरून घेऊन फ्रेमला आवळायचा. मजबूत होता, काही प्रश्नच नाही. सर म्हणाले, बांधून दाखव. मी पट्टा घेतला, आर्मच्या खालून ओढून काढायला वाकलो, आणि त्यांनी तिथेच थांबवलं. "आत्ता तुझं डोकं कुठे आहे?" आर्मच्या वाटेत होतं, अगदी मधोमध. कुलूप लावेपर्यंत आपण बिनकुलपाच्या यंत्रात असतो, एवढी साधी गोष्ट.

दुसरं: खटक्याच्या आकड्यातून आरपार ४ मिलिमीटरचा स्क्रू, म्हणजे आकडा फिरूच शकणार नाही. बाहेरून बसवता येत होता, दिसायला नेटका. पण त्याने बांधला होता खटका, आर्म नव्हे. आठवड्याभरात खटक्याच्या धुरीचाच, म्हणजे तो ज्या आसावर फिरतो त्याचाच, नट ढिला झाला आणि स्क्रूसकट सगळा आकडा एका बाजूला कलला. सुटला नाही, पण तो कललेला आकडा बघितल्यावर मला कुणी काही समजावून सांगावं लागलं नाही.

तिसऱ्या खेपेला थेट आर्मलाच पिन. बाजूच्या पट्टीतून, आर्मच्या नळीतून, पलीकडच्या पट्टीतून. जागा मोकळी होती ती आर्मच्या धुरीजवळ, तिच्यापासून ६ सेंटिमीटरवर, म्हणून तिथे भोक पाडलं. इथे मी तरफ विसरलो. स्प्रिंगा धुरीपासून १२ सेंटिमीटरवर ९०० न्यूटन ओढत होत्या. त्याच्या निम्म्या अंतरावर पिन घातली की तिच्यावर दुप्पट, १८०० न्यूटन. शिवाय नळी आणि पट्टी यांच्यात बोटभर फट, त्यामुळे पिन कापली जाण्याऐवजी वाकायची. मुद्दाम खटका सोडून तिसऱ्यांदा चाचणी घेतली तेव्हा पिन केळ्यासारखी झाली होती आणि नळीचं भोक लांबट. वाकलेली पिन काढायला हातोडी लागली. ताणलेल्या आर्मच्या शेजारी हातोडी! हा प्रसंग मी अभिमानाने सांगत नाही.

चौथं टिकलं, आणि ते खरं तर सगळ्यांत सोपं होतं. आर्ममध्ये भोक पाडायचंच नाही. आर्म खाली आला की त्याच्या दोन्ही बाजूंना ६ मिलिमीटरच्या पट्ट्या उभ्या असतात. त्या दोन पट्ट्यांमधून, आर्मच्या वरून, आडवी १० मिलिमीटरची पोलादी पिन. दाराला अडसर घालतात तशी. धुरीपासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे भार ३६० न्यूटन. पट्ट्या आर्मला जवळजवळ चिकटून, त्यामुळे वाकायला जागा नाही. पिनची मूठ फ्रेमच्या बाहेर, हात आर्मच्या वाटेत कधीच जात नाही. टोकाला पिन निसटू नये म्हणून आर-क्लिप, मुठीला हातभर लांब लाल पट्टी.

मात्र पिन आर्मच्या किती वर असावी, यावर आमची दोन दिवस भांडणं झाली. मी म्हणत होतो, अगदी टेकलेली, म्हणजे आर्मला तसूभर हलता येऊ नये. इलेक्ट्रिकलवाली मुलगी म्हणाली, टेकलेली असेल तर भार खटक्यावर आहे की पिनवर, हे कळणार कसं? आणि पिनवर असेल तर पिन काढल्या काढल्या काय होईल?

तिने माझी बोलती बंद केली. शेवटी ३ मिलिमीटरची फट ठेवली. खटका सुटलाच तर आर्म ३ मिलिमीटर उचलून पिनवर थडकेल. ३६० न्यूटन गुणिले ३ मिलिमीटर म्हणजे जेमतेम एक ज्यूल, पिनला त्याचं काहीच नाही. पण खटका नीट बसलेला असेल तर पिन मोकळी राहते आणि दोन बोटांनी हलवली की पट्ट्यांच्या भोकांत खुळखुळते. आर्म पिनला येऊन टेकला असेल तर ती गच्च. आवाज नाही, हालचाल नाही.

ओशाच्या कागदातलं "तपासा" आम्हाला असं मिळालं. मग क्रमही ठरला. विंचने आर्म खाली, खटका "कट्" वाजला की पिन आत, क्लिप, मगच दोरी ढिली. दोरी ढिली झाल्यावर पिन हलवून बघायची. खुळखुळली तर भार खटक्यावर आहे, आणि खटका दगा देईल तर पिन आहे. नाही खुळखुळली तर पिन ओढायची नाही, कितीही घाई असो. विंचने आर्म परत खाली घ्यायचा. ज्याने पिन घातली तोच ती काढणार. कारखान्यात प्रत्येक कामगाराचं स्वतःचं कुलूप आणि किल्ली त्याच्याच खिशात, ती पद्धत आम्ही अशी उचलली. आठवड्याभरात "खुळखुळते का?" हा आमच्यात रामरामासारखा शब्द झाला. लोक रोबोजवळ येताना तेच विचारत यायचे.

पिनखाली एक छोटा स्विचही बसवला, पिन आत असताना प्रोग्रॅम खटका उघडूच देत नाही. सरांना त्याचं फारसं कौतुक नव्हतं. स्विच हा माणसाच्या विसरण्यावरचा उतारा, कुलूप नव्हे, म्हणाले. मला वाटतं तो हवाच. पिन आत असताना चुकून कुणी बटण दाबलं तर खटका उघडा आणि सगळा भार पिनवर, ही अवस्था येऊच नये हे बरं.

ताण न फेकता उतरवायचा कसा, हा वेगळाच प्रश्न. पहिल्या महिन्यात आम्ही सरळ रिकामा आर्म सोडायचो. बॉल नसला की सगळे ६० ज्यूल आर्म स्वतः घेऊन थांब्यावर आपटतो, आणि दुसऱ्या आठवड्यात थांब्याची वेल्डिंग तडकली. पुढे विंचला वर्म गिअर घातला. वर्म मोटरने फिरतो, पण स्प्रिंगच्या ओढीने उलटा फिरत नाही. त्यामुळे विंचने भार घ्यायचा, पिन काढायची, खटका बाजूने दोरीने उघडायचा, आणि वर्मच्या टोकाला ड्रिल लावून आर्म हळूहळू वर सोडायचा. चाळीस सेकंद लागतात. कंटाळवाणं आहे, पण कुणाचं काळीज धडधडत नाही. अर्थात आर्म पूर्ण वर आल्यावरही स्प्रिंगांत ३०० न्यूटन उरतातच. स्प्रिंग बदलायची तर लांब आट्याच्या बोल्टने सैल करत न्यायची, चष्मा घालून. स्प्रिंगांच्या आतून एक वायररोपही ओवून ठेवली होती, तुटलीच तर तुकडा उडू नये म्हणून. ही युक्ती गॅरेजच्या दारांच्या स्प्रिंगांमध्ये वापरतात, तिथूनच घेतली.

स्पर्धेच्या तपासणीत आमच्या टेबलाशी आलेल्या बाईंनी आर्मकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "बंद करून दाखवा." आम्ही बंद केला. "हवा सोडा." सोडली. आर्म हलला नाही. मग त्या म्हणाल्या, "आता तुमच्यापैकी सगळ्यांत नवा कोण आहे, त्याला पिन घालायला सांगा." ज्युनिअर पुढे झाला. विंच, कट्, पिन, क्लिप, दोरी ढिली, मूठ हलवली. बाईंनी विचारलं, हे हलवणं कशासाठी. त्याने समजावलं, माझ्यापेक्षा चांगलं. त्यांनी स्वतःही हलवून बघितली आणि कागदावर खूण केली. युद्धाच्या रोबोंमध्ये आखाड्याबाहेर हत्याराला कुलूप लागतंच, फेकणाऱ्या रोबोंवर मात्र अजून चिंधीने बांधलेले आर्म दिसतात, असं जाता जाता बोलल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारचा सामना. सुरुवातीलाच बॉल फेकायचा असल्यामुळे आर्म ताणूनच मैदानावर न्यायचा होता. पिटमध्ये, म्हणजे संघांच्या तयारीच्या जागेत, क्रमाने सगळं केलं. आमचं नाव दोनदा पुकारलं गेलं होतं. ज्युनिअरने मूठ धरली आणि म्हणाला, "खुळखुळत नाहीये."

कॅप्टन म्हणाला, परत बघ. त्याने बघितलं. गच्च. मीही हलवून पाहिली. भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखी. खटका तर बसलेला दिसत होता, "कट्" मीही ऐकलं होतं. कुणीतरी म्हणालं, रंगामुळे चिकटली असेल, पक्कड लावून फिरवा. खरं सांगतो, माझा हात पकडीकडे गेला होता. ज्युनिअर मुठीसमोरून हलला नाही. "मी घातली आहे. मी काढणार नाही," एवढंच.

विंच परत ओढलं. आर्म थोडा खाली गेला आणि पिन सुटी झाली. पिन तशीच ठेवून बाजूच्या फटीतून टॉर्च मारला. खटक्याच्या आकड्याखाली झिप टायचं, म्हणजे वायरी बांधायच्या प्लास्टिकच्या पट्टीचं, कापलेलं टोक अडकलं होतं, नखाएवढं. आकडा पुरता मिटलाच नव्हता. आर्मचा बोल्ट त्याच्या अगदी टोकावर तोललेला होता, आणि उरलेला भार पिनवर. लांब स्क्रूड्रायव्हर बाहेरून घालून मी तो तुकडा ढकलून काढला. आकडा आणखी थोडा आत गेला, या वेळी आवाज वेगळा आला, जरा जड. दोरी ढिली केली.

तिसऱ्यांदा नाव पुकारलं जात होतं. ज्युनिअरने दोन बोटांनी मूठ धरली, आम्ही सगळे कान देऊन उभे होतो, आणि एवढ्या गलक्यातही ती खुळखुळलेली ऐकू आली. मग आम्ही ढकलगाडी ओढत धावत सुटलो, लाल पट्टी मागे फडफडत.